बादलच्या नावाखाली

प्रिय रंजीता,

मी ललिता, बादलची आई. रिठदहून लिहिते आहे. तू मला ओळखत नाहीस, पण त्याच्या तोंडून तुझं नाव इतकं ऐकलंय की पहिल्याच ओळीत ‘अगं’ म्हणावंसं वाटतं. वऱ्हाडी शब्दांचा तुमचा इंटरनेटवरचा गट तू चालवतेस आणि त्याचा सर्व्हर नागपुरात तुझ्या खोलीत डब्याएवढ्या कॉम्प्युटरवर आहे, हे त्यानंच सांगितलं होतं. मी भाकरी थापत असले की तो शब्द विचारायचा आणि तिथे लिहायचा. मी म्हणायची, “कायले लिहून राह्यला रे? हे तं सगळ्यायलेच माहीत हाये.”

यंदा उन्हाळ्यात मी ते सगळं शिकायला बसले. माझी भाची सुकेशनी वाशीमला कॉलेजात आहे, तिनं शिकवलं. इन्स्टन्स, फेडरेशन, क्रॉसपोस्ट असे शब्द मी अंगणवाडीच्या जुन्या वहीत अर्थासकट उतरवून घेतले. मॉडरेटर हे मला गटावर लक्ष ठेवणारं यंत्र वाटलं होतं. ते माणूस निघालं, आणि तेही तूच. सुकेशनी म्हणाली, “मावशी, याले एक मालक नसते. गावोगावची आपापली ग्रामपंचायत, पण या गावचा माणूस त्या गावच्या पारावर जाऊन बोलू शकते, तसं हाये हे.” मग समजलं. इथं पुसलेलं दुसऱ्या सर्व्हरवर उरू शकतं, हेही तिनं सांगितलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पण मी नुसती वाचत राहिले नाही. एकानं बादलला विचारलं होतं, धुरा आणि बांध एकच का? दहा दिवस तो प्रश्न तसाच पडून होता. माझ्यानं राहवलं नाही. त्याच्या फोनवर एका बोटानं लिहिलं, ‘हो, एकच. आमच्याकडे धुराच म्हणतात.’ ते त्याच्याच नावाखाली गेलं. तीन अपव्होट आले, म्हणजे तिघांना ते आवडलं. कोणी लिहिलं, ‘बादलभाऊ, कुठं होते इतके दिवस?’ फोन पदराखाली घेऊन मी रडले. मग रोजच लिहू लागले. तुला ‘जेवलीस का’ विचारणारी मीच होते, रंजीता. तू मनातलं जे त्याला लिहिलंस, ते मीच वाचलं. मला माफ कर.

काल तू लिहिलंस, रविवारी गाडीनं वाशीमला येते, स्टेशनवर ये. म्हणून हे पत्र. बादल मार्चमध्येच गेला. रिसोडहून येताना ट्रकनं मोटारसायकलला उडवलं. तुला हे लिहिलं, पुन्हा लिहवणार नाही; गटातल्या लोकांना तू सांग. त्याचं खातं बंद करायचं तर कर. फक्त येणं रद्द करू नकोस. स्टेशनवर मी येईन. तो तुझ्याबद्दल काय काय बोलायचा ते मला सांगायचं आहे, आणि ते ऐकायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझीच,
ललिता