परवानगीचं पत्र

२२ एप्रिल २०२५, मंगळवार, वेस्ट विंडसर

बोटांचे ठसे उमटेनात! दहापैकी चारच आले. ग्रीन कार्डाच्या ऑफिसातली बाई बिचारी चांगली. ओल्या कपड्यानं माझी बोटं पुसली, क्रीम चोळलं, पुन्हा काचेवर दाबून धरली. ‘यू वॉश अ लॉट ऑफ डिशेस, मॅम?’ म्हणाली. मी हसले. काय सांगणार! नागपूरच्या पोस्टात तेहतीस वर्षं शिक्के मारून जी बोटं झिजली नाहीत, ती इथल्या चार फेऱ्यांत झिजली.

ह्यांचे दहाच्या दहा, पहिल्या फटक्यात. बाहेर येऊन देवांगच्या पाठीवर थाप मारली — ‘झालं! आता तुझी आई आणि मी पर्मनंट!’

मुलगा गाडी काढायला निघाला. 

इतकी वर्षं कसं छान चाललं होतं. सहा महिने आम्ही, सहा महिने सुनेचे, म्हणजे निधीचे, आईवडील. नातवंडं आमची दोघांची, पाळणाही दोघांनी हलवायचा. पण गेल्या वर्षी निधीच्या आईचे, कांचनताईंचे, दोन्ही गुडघे बदलले आणि त्यांची पाळी आमच्यावर आली. म्हणून ही कायमची फाईल. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. मी ‘बघा बाई, तुमचं तुम्ही’ म्हणाले. त्याचा अर्थ हो असा धरला गेला.

२६ एप्रिल, शनिवार

आज जेवताना देवांगनं जाहीर केलं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून बारा दिवसांची टूर! स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. केल्टिक देश म्हणतात त्यांना. ग्रुप छोटा, बाराच माणसं, सोबत गाइड. निधी पंधरा दिवस घरून काम करणार. ‘आई, तुम्ही फक्त एन्जॉय करा, इथलं मी मॅनेज करते.’

हे तर हवेतच. लगेच लायब्ररीत जाऊन जाडजूड पुस्तक घेऊन आले.

मी विचारलं, ‘फाईल चालू असताना देशाबाहेर जाता येतं का रे?’

‘त्याचा वेगळा फॉर्म असतो आई. केलाय मी. परवानगीचं पत्र येईल मेलनं, जायच्या आत. तू स्ट्रेस नको घेऊस यार.’

लॅपटॉपमधून मान वर केली नाही त्यानं. ऑफिसचा ताण आहे फार.

३ मे, शनिवार

ईशान दुपारी दीड तास झोपला! दीड वर्षाच्या पोराची कृपा. मीही झोपायला हवं होतं. ते सोडून फाईल काढून बसले. सवय जात नाही, छापील कागद दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. आठव्या की नवव्या पानावर सापडलं. परवानगीचं पत्र हातात नसताना देशाबाहेर पाऊल टाकलं, तर अर्जदारानं अर्ज सोडून दिला असं धरलं जाईल.

चारदा वाचलं.

म्हणजे पत्र आलं नाही आणि आम्ही गेलो, तर फाईल खलास. परत येतानाही अडवतील. मग तिथून सरळ नागपूर.

बरं वाटलं. मग लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं.

इथं लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मला घरी जायचंय. मी दमलेय. झोपून उठलं की जातो तो थकवा हा नाही. मला माझ्या त्रिमूर्तीनगरच्या दोन खोल्या हव्यात, दुपारी दाराला कडी लावून पडायला हवंय, संध्याकाळी सुमेधाकडे — धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे — पायी जायला हवंय. इथं पायी कुठं जायचं? मेलबॉक्सपर्यंत.

१४ मे, बुधवार

इंग्लंडचा व्हिसा आला. त्याच्यावरच पुढं आयर्लंडलाही जाता येतं म्हणे. परवानगीचं पत्र मात्र नाही.

मेलबॉक्सची किल्ली माझ्याकडे असते. सगळ्या टाउनहाउसेसची मिळून एकच पेटी, कोपऱ्यावर. तीनच्या सुमाराला पोस्टाची गाडी येते. ती गेली की ईशानला स्ट्रोलरमध्ये घालून निघते.  जाहिराती, विजेचं बिल, नात चैत्रालीच्या डेंटिस्टचं कार्ड. लिफाफा नाही, असं दिसलं की हुश्श करते.

आलंच तर लपवायचं का, हा विचारही करून पाहिला. नाही. कुणाचं पत्र मी आजवर दाबलं नाही, ते पाप आता करणार नाही. आलं तर देईन. पण देवा, येऊ नये!

२० मे

नाही.

२९ मे, गुरुवार

चैत्रालीला ताप. ईशानला दात. निधी सात चाळीसला आली, ट्रेन लेट होती. बूटही न काढता ओट्याशी उभी राहून वरणभात खाल्ला आणि तापल्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. डोळ्याखाली काळं झालंय तिच्या. तीही दमलेलीच. रागवायचं तरी कुणावर?

‘आई, तुम्ही नसता तर मी जॉब सोडला असता,’ म्हणाली. मनापासून म्हणाली. मी वरणाचं पातेलं घासायला घेतलं.

हे बाहेर वाफ्यात टोमॅटो लावत होते. ‘पुढच्या वर्षी भेंडी,’ म्हणाले. इथं येऊन माणूस दहा वर्षांनी तरुण झालाय. सकाळचा वॉकिंग ग्रुप, लायब्ररी, नातीला स्कूल बसपर्यंत पोचवणं. महावितरणमधून रिटायर झाल्यावर नागपुरात नुसते पेपर वाचत बसायचे. त्यांचं हे सगळं मी हिरावून घेणार. आणि त्यांना पत्ताही नाही.

सांगावं का? उद्या सांगते.

६ जून, शुक्रवार

उद्या निघायचं. पत्र आलं नाही.

आणि कुणी विचारलंही नाही! देवांगनं पासपोर्ट पाहिले, गोळ्या पाहिल्या, माझ्या फोनमध्ये काय काय भरून दिलं. पत्राचं नावच नाही. विसरला. मी ‘देवांग’ म्हणून हाक मारली, तो वळला, मी म्हटलं, ‘ईशानचं औषध फ्रिजच्या दारात आहे.’

चैत्रालीनं स्वतः काढलेलं चित्र दिलं. मी, ती आणि एक मेंढी. ‘आजी, ब्रिंग मी अ रिअल शीप.’ तेवीस तारखेपासून तिची उन्हाळ्याची सुट्टी. तोवर आजी परत येणार हे सगळ्यांनी धरलेलं.

९ जून, सोमवार, एडिंबरा

पाय नाहीत मला. किल्ल्याच्या पायऱ्या, मग राजवाड्याच्या पायऱ्या, मग जेवायला पहिल्या मजल्यावर! आमची गाइड ग्वेन, पन्नाशीची, वेल्सची, आवाज खणखणीत. दर थांब्यावर बोट दाखवत माणसं मोजते. बारा भरले की गाडी हलते.

शाकाहारी हॅगिस म्हणून डाळी-ओट्सचं काहीतरी मिळालं. खिचडीला मिरपूड जास्त झाल्यासारखं. ह्यांनी दोनदा घेतलं.

बाकीचे दहाही अमेरिकन, सगळे सत्तरीच्या आसपासचे, आणि काय उत्साह! आजी-आजोबा आहेत तेही. नातवंडांचे फोटो दाखवतात आणि फोन बंद करतात.

११ जून, बुधवार, हायलंड्स

सकाळी सातला बॅगा दाराबाहेर. रोज नवं हॉटेल, रोज नवा नळ, गरम कुठला ते कळेपर्यंत पुढचं गाव. सुट्टीत इतकं दमतात हे माहीत नव्हतं. तरी एक आहे. बसल्या जागी कुणीतरी चहा आणून देतं आणि कप विसळायला न्यावा लागत नाही. पहिल्या दिवशी मी कप उचलून आत निघाले होते. ग्वेननं हातातून काढून घेतला.

आज एका माळावर उभे दगड पाहिले. चार-पाच हजार वर्षांचे म्हणे. शेंदूर नाही, फूल नाही, नुसते भिजत उभे. बाकीचे फोटो काढत होते. मी गाडीत बसून राहिले.

मागच्या सीटवर हे ओहायोच्या जोडप्याला सांगत होते, ‘वी आर बिकमिंग पर्मनंट. धिस इयर.’ ते म्हणाले, ‘काँग्रॅच्युलेशन्स!’ मी खिडकीकडे तोंड केलं.

१४ जून, शनिवार, वेल्स

पाटी दोन भाषांत. वेल्श वर, इंग्रजी खाली. ग्वेन म्हणाली, तिची आजी शाळेत वेल्श बोलली की शिक्षा व्हायची. आता ग्वेनची नात वेल्शमध्येच भांडते. ‘कसं जमवलं?’ विचारलं. म्हणाली, ‘नातीला मी रोज सांभाळलं नाही. उन्हाळ्यात एक महिना माझ्याकडे आणायचे. तो महिना माझ्या घरात माझी भाषा.’

माझ्या घरात! हे कधी सुचलंच नाही मला. पोरांनाच का नाही नागपूरला बोलावलं?

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. चैत्राली रडली. ‘व्हेन आर यू कमिंग होम?’ मग निधीनं कानात काही सांगितलं आणि ती मराठीत म्हणाली, ‘आजी, ये.’ फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मी काय करून बसलेय? सहा वर्षांची पोर. तिला कोण समजावणार?

१६ जून, सोमवार, वेल्सच्या होलीहेडहून आयर्लंडला निघालेली बोट

सांगून टाकलं.

डेकवर वारा इतका, की मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. ‘परवानगीचं पत्र आलंच नाही! मला माहीत होतं! फाईल गेली!’ हे आधी हसले. मग त्यांना कळलं.

‘कधीपासून माहीत होतं?’

‘तीन मेपासून.’

कठडा धरून उभे राहिले. म्हणाले, ‘चाळीस वर्षांत आलेलं एकही पत्र तू माझ्यापासून लपवलं नाहीस. आणि न आलेलं लपवलंस?’



१७ जून, मंगळवार

ग्वेन रोज जागा बदलवते, प्रत्येकाला खिडकी मिळावी म्हणून. आज ह्यांनी तिला जाऊन सांगितलं, मला पुढं एकट्याला बसव. बारा जणांसमोर. ओहायोची बाई माझ्याकडे बघून चॉकलेट पुढं करून गेली.

मी घेतलं. भूक होती.

१८ जून, बुधवार, गॉलवे

सकाळी नाश्त्याला समोर येऊन बसले. टोस्टला लोणी लावत होते, माझ्याच. माझ्या ताटलीत ठेवलं.

‘मला विचारायचं तरी होतंस.’

‘विचारलं असतं तर तुम्ही समजावलं असतंत. आणि मी समजले असते.’

सुरी पुसून ठेवली. मग म्हणाले, ‘माझे टोमॅटो लागले असतील आता.’ डोळे भरून आले होते त्यांचे. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण चूक केली असं वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

आता देवांगला सांगणं उरलंय. परवाचं विमान नेवार्कचं आहे. अमेरिकेचा अधिकारी इथंच, डब्लिनच्या विमानतळावर, कागद तपासतो म्हणे. उद्या फोन करायचाच असं ठरलं. हे म्हणाले, ‘मी बोलतो. तू बोललीस की माफी मागत बसशील.’

१९ जून, गुरुवार, डब्लिन

ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि सरळ सांगितलं. पत्र आलं नाही, आईला नियम माहीत होता, ती बोलली नाही, आता काय करायचं ते सांग.

 मागं ईशानचं रडणं. मग दार लावल्याचा आवाज आला.

‘बाबा, पत्र येणारच नव्हतं. तो फॉर्म मी भरलाच नाही.’

ह्यांनी फोन माझ्याजवळ सरकवला.

‘मी नागपूरला जा म्हणालो असतो तर आई गेली नसती. तुम्ही तर नाहीच. निधीला मी कालच सांगितलं, ती बोलत नाहीये माझ्याशी. तुमची उद्याची नागपूरची तिकिटं मेल केलीत. डेकेअर शोधलंय. दिवाळीत येतो आम्ही, सगळे.’

‘पण का रे?’ मी विचारलं. 

‘मार्चमध्ये एकदा रात्री घरी आलो, तू सिंकपाशी उभ्या उभ्या झोपली होतीस. नळ चालू होता. मी बंद केला, तरी तू उठली नाहीस.’

मला तो दिवस आठवतसुद्धा नाही.