फिरत्या पिंपातला हरभरा

शनिवार, ५ मे १९८४
पोहोचले एकदाची कुवेतला! आज कामावर रुजूही झाले. मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर ही खासगी प्रयोगशाळा आहे. सांगलीच्या कॉलेजात कुंड्यांना चिठ्ठ्या चिकटवणारी मी आता अंतराळात रोपं कशी उभी राहतील ते शोधणार! संचालक राजनसाहेबांनी यंत्र दाखवलं. एक आडवं पिंप सावकाश फिरत असतं, आत ओल्या कापसावर हरभरा. सतत फिरल्यामुळे कोंबाला खाली कुठे आणि वर कुठे हेच उमगत नाही. माझ्याआधी इथे प्रभा होती. लग्न ठरलं म्हणून गावी गेली, असं साहेब म्हणाले. माझा पासपोर्ट त्यांनी कपाटात ठेवला. इथली रीतच आहे.

सोमवार, १४ मे
कोंब चारी दिशांना भरकटायला हवेत. आज सगळे एकाच बाजूला झुकले होते, माझ्याकडे. दिवा बंद केला आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. तासाभरात तिकडे वळले. राजनसाहेबांना सांगितलं, तर चकित नाही झाले. खूश झाले.

गुरुवार, १७ मे
सकाळी जिन्यात तोल गेला. टेबल सपाट आहे, पण मी हातात धरलेल्या कपातला चहा तिरका राहतो. यंत्राची देखभाल करणारे कासमभाई रत्नागिरीचे. त्यांना हे दाखवलं, तर त्यांनी दार लावून घेतलं. प्रभा गावी गेलेलीच नाही. इथेच इस्पितळात आहे, खाटेला बांधलेली. कोणी बांधलं, म्हणून मी ओरडलेच.
"बाय, तिला कोणी बांधलंन नाय. तीच सांगते, बांधा म्हणून."
लग्न ठरलं म्हणे! खोटारडा मेला!

शनिवार, १९ मे
राजनकडे पासपोर्ट मागितला. आता त्याला साहेब नाही म्हणणार. अजून दोन आठवडे थांबा म्हणाला, तुमचे निकाल प्रभापेक्षा सरस आहेत. माझे निकाल? त्याची वही ओढून घेतली. हरभऱ्याबद्दल एक ओळ नाही. माझं नाव, तारीख, आणि मी किती अंश झुकले ते! टराटरा फाडून त्याच्या तोंडावर फेकली. कपटे खाली पडले नाहीत. आडवे गेले, भिंतीवर जाऊन चिकटले.

रविवार, २० मे, दुपार
यंत्राची तार उपटली. पिंप थांबलं — आणि मी पडले. जमिनीवर नाही. भिंतीवर.
इथेच पडून लिहितेय. कासमभाई दोर आणायला धावलेत. लवकर या हो —
राजन दारात उभा आहे. नव्या वहीत टिपून घेतोय. हात दे म्हटलं, तर घड्याळ पाहिलं त्याने. माणूस आहेस का रे —
खिडकीची काच टाचांखाली आलीये. तडकतेय. पलीकडे नुसतं आकाश, खोल —
याला सोडणार नाही. कोणाला माझी ही वही सापडली तर — त्याचं पूर्ण नाव लिहिते. राजन