बाबांच्या नावाला ओ

४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. (तू कितीही लांब पळालास तरी नमस्कार पोचतोच.)

तुझा हट्ट अखेर पुरवला. सगळ्या गिऱ्हाइकांना कार्डं टाकली: बाबा गेल्या वर्षी तुझ्या गावी असताना वारले, सोफा-खुर्च्या मढवायचं काम आता मी बघते, कापड आणि दर आधी कळवीन, उशीर होणार असेल तर मीच फोन करीन. वर्षभर कुणी विचारलं की बाबा बाहेर गेलेत म्हणून सांगत होते, त्यातून सुटले एकदाची. आई मात्र रुसली आहे. त्यांच्या नावावर कामं येतात, ते नावच तू पुसलंस म्हणाली.

पण आज भलतंच झालं. आपले जुने गिऱ्हाईक, ते मास्तर, कार्ड हातात धरून तरातरा दुकानात आले आणि असली थट्टा करतात का म्हणून माझ्यावरच तापले. नगरपालिकेला आता पदाधिकाऱ्यांचा खर्च दाराबाहेर फलकावर लावावा लागतो. त्यावर अध्यक्षांच्या बंगल्यातल्या खुर्च्यांचं काम बाबांच्या नावावर आहे, आणि पैसे गेल्याच महिन्यात दिलेत. मी धावत जाऊन पाहिलं. बाबांचं पूर्ण नाव, खाली आपल्या दुकानाचं. तिथे उभं राहून क्षणभर वाटलं, दादा, की मीच लोकांना काहीतरी चुकीचं कळवलंय.

लोभ आहेच, जरा लवकर उत्तर लिहून तो दाखवावा.
तुझी,
भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि कार्डांबद्दल शाबासकी वेगळी.

घाबरू नकोस. कचेरीतले कागद गोगलगायीसारखे सरकतात. जुनंच एखादं बिल आत्ता निघालं असेल. सरळ हिशेबनिसांना भेट आणि पैसे कुणी नेले ते विचार. आईच्या कानावर मात्र यातलं काही घालू नकोस. आणि जेवत जा वेळेवर. तुझ्या अक्षरावरूनसुद्धा तू वाळलेली दिसतेस.

लांबून का होईना, पाठीशी असलेला,
दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

जुनं बिल नाही. काम याच हिवाळ्यातलं आहे. हिशेबनीस म्हणाले, कारागीर स्वतः येतो. म्हातारा, किडकिडीत, कमी बोलणारा. नावाने हाक मारली की बाकावरून उठतो, सही करतो, पैसे घेतो आणि जातो. ते माझे वडील होते आणि ते वारले, असं मी सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खोटी मीच.

आईला मास्तरांनीच सांगून टाकलं. ती रडली नाही, चिडली नाही. रोज मला विचारते, तो दिसायला कसा आहे म्हणाले? शेवटी शेवटी तेही किडकिडीतच झाले होते ना, म्हणते. काल मी बाजारातून आले तर जिन्यात कान देऊन उभी. खाली कुणीतरी खिळे ठोकतंय म्हणाली. दुकानाला तर मीच कुलूप लावून गेले होते. खरं सांगू? मग मीही तिच्या शेजारी ऐकत उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात खर्चाची जाहीर सभा आहे. कुणीही प्रश्न विचारू शकतं. मी विचारणार आहे.

माया पातळ करू नकोस.
भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मला रजा मिळत नाही. विचार प्रश्न, पण जपून. दुकानाचा परवाना अध्यक्षांच्याच हातात आहे. आईला सभेला अजिबात नेऊ नकोस. बाबांना आपण दोघांनी शेवटचं पोचवलंय. तूही ते विसरू नकोस.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

आईला नेऊ नको म्हणालास, पण माझ्या आधी तीच चपला घालून दारात उभी होती.

सभागृह गच्च भरलं होतं. मी उठले. एवढंच विचारलं, की माझे वडील हयात नसताना खुर्च्या मढवल्या कुणी. अध्यक्ष हसले. एका नावाची दोन माणसं नसतात का म्हणाले, दुकानाचं नाव कारकुनाच्या चुकीने पडलं म्हणाले, आणि जाता जाता परवान्याची आठवणही करून दिली. मग त्यांनी बाबांचं नाव घेऊन हाक मारली. मागच्या रांगेतून ओ आली आणि एक म्हातारा उभा राहिला. खांद्यात तसाच वाकलेला. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

आई उठली. लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत त्याच्यापर्यंत गेली. आता ती त्याच्या मुस्काटात मारणार असंच सगळ्यांना वाटलं. तिने त्याची बाही धरली आणि म्हणाली, चला आता घरी, पोर एकटी किती करणार.

त्या माणसाने आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मटकन खाली बसला. बाई, मी तो नव्हे, म्हणाला. साहेबांच्या बंगल्यावर बागेचं काम करतो, सही कर म्हणाले ती केली, पैसे त्यांच्याच माणसाकडे दिले, खुर्च्या तर कुणी मढवल्याच नाहीत. मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू! अध्यक्षांच्या सगळ्या खर्चाची चौकशी लागली आहे. फलकावरून बाबांचं नाव काढलं. परवान्याचं मात्र अजून कळलेलं नाही.

बाहेर पडताना जो तो आईचे हात हातात घेत होता. काय युक्ती केलीत, कसं बोलतं केलंत त्याला, म्हणत होता. वाटेत मीही तेच म्हणाले. ती कोपऱ्यावर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कसली युक्ती?

लोभाचं राहू दे, दादा. तू ये.

भिंगरी