पिवळं पडणारं पाणी

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, फुशारून जाऊ नका. आईने फोनवर सांगितलं, माझं नाव काढताच तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "त्या उडाणटप्पूचं काही नको मला." वा! शाळा सोडायला लावून तुमच्या खानावळीत मला भांड्यांना जुंपलंत, तेव्हा माझे हात बरे चालले.

इथेही भांडीच घासतो, साहेब झालो नाही, खूश व्हा. पण ही प्रयोगशाळा आहे. इथल्या मॅडम काचेच्या बशीत किडनीच्या पेशी वाढवतात. आल्या आल्या मी बाटल्या तुमच्या पद्धतीने घासल्या, भरपूर साबण लावून, तोंड दिसेल इतक्या लख्ख. साबणाचा अंश राहिला आणि पेशी झाडून सगळ्या मेल्या. तुमची शिकवण बघा कुठवर पोचली! मॅडम भडकल्या, "अरे गाढवा, हे काय जेवणाचं ताट आहे?" मग बाह्या सारून शेजारी उभ्या राहिल्या आणि कसं विसळायचं ते शिकवलं. तुम्ही एका फुटलेल्या बरणीपायी माझी पिशवी रस्त्यावर फेकली होती.

पेशी ज्या पाण्यात जगतात ते गुलाबी असतं. आम्ल वाढलं की पिवळं पडतं. अंगातलं जादा आम्ल बाहेर टाकणं हे किडनीचं काम. ते या पेशी कसं करतात, हेच मॅडम शोधतात. बिचाऱ्या मुकाट टाकत राहतात, आणि जिकडे टाकायचं तिकडेच. तुम्ही मात्र सगळं माझ्यावर ओतलंत. आता तुमच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, रक्तात आम्ल साचतंय, चार पावलं चाललात तरी धाप लागते म्हणे. मध्ये एका सुट्टीत पाणी बदलायचं राहून गेलं. बशी पिवळीजर्द झाली होती. त्यातलं काही वाचलं नाही. ते बघून मला जेवण गेलं नाही, आणि त्याचाही राग तुमच्यावरच.

म्हणून लिहितोय. ताईची किडनी जुळली नाही, आईला साखर आहे. आईकडून तुमचे रिपोर्ट मागवून मी गुपचूप तपासून घेतलं. माझी जुळते. मी निघालोय. माफ केलेलं नाही, तुम्हीही करू नका. ऑपरेशन झालं की खुशाल भिंतीकडे तोंड करा. मला घराबाहेर काढलंत. माझ्या किडनीला तरी आत घ्या.

तुमचाच, इलाज नाही म्हणून,
उडाणटप्पू