कौल उजवा आला

अण्णा, वळणावरचं देऊळ आता तिथे नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. मोडतोड काही झाली नाही. पाषाण वरच्या कातळावर, करवंदीच्या जाळीपलीकडे नेऊन बसवलाय, सध्या वर पत्रा आहे, आणि तुम्ही गेल्यापासून पूजेला रोज आपला धाकटाच जातो. तुमच्यासारखाच वाटेत बडबडत जातो.

रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा गाव कोर्टात गेलं. रत्नागिरीत वकिली करणारी गुरवाची लेक म्हणजे घरचीच, त्यामुळे कागद मीच केले, मुंबईच्या खेपा मीच घातल्या. मन लावून केलं हो. त्या देवळाच्या पायरीवर तुमच्या मांडीला टेकून मी पाढे पाठ केलेत. पण हरलो. निकाल मी गावाला देवळासमोरच समजावून सांगितला. पूजा करायचा तुमचा हक्क कोणी काढून घेत नाही, पण त्यापायी लोकांच्या जिवाला धोका होत असेल तर कोर्ट त्या हक्काला मर्यादा घालू शकतं. देव सन्मानाने हलवा, पण हलवा. एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या एका पोरीचा त्याच वळणावर पाय गेला होता. देवळाआडून आलेला ट्रक तिला दिसलाच नाही. तिची आई समोरच उभी होती. तरी म्हातारा मानकरी म्हणाला, "कोर्टाचा ऱ्हाऊदे. देवाला इचारा." सगळ्यांनी माना डोलावल्या. डावा कौल, म्हणजे देवाचा नकार, आला तर जेसीबीपुढे आडवं पडायचं ठरलं. हायकोर्टाच्याही वरचं कोर्ट आपल्या गावात अजून भरतं, अण्णा, आणि त्याचे कारकून आपण.

त्या रात्री मला तुम्हीच दिसत होता. मी लहान आहे, विहिरी आटल्यात. खालच्या वाडीच्या बायका रिकाम्या कळश्या घेऊन देवाच्या झऱ्याचं पाणी मागायला आल्यात, आणि गाव म्हणतंय, झरा बाटेल. तुम्ही कौल लावताय, मी तांब्या धरून उभी, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतेय. मी दोन पाकळ्या भिजवून देते, त्यातली एक तुम्ही पंच्याच्या टोकाने हलकेच टिपता आणि तीच देवाच्या उजव्या खांद्यावर चिकटवता. दुसरी, चिंब ओली म्हणून घट्ट धरणारी, डाव्यावर. गाऱ्हाणं होतं, लोक "होय महाराजा" म्हणतात, आणि थोड्या वेळाने उजवी पाकळी आधी गळते. म्हणजे देवाचा होकार. बायका झऱ्याकडे निघतात. घरी आल्यावर मी चुलीपाशी विचारलं, आईच्या देखत, तेव्हा तुम्ही डोळे वटारलेत. "बघितलंस ते पोटात ठेव." मग प्रसादाच्या नारळाचं अख्खं भकल माझ्या हातावर ठेवलंत, जे एरवी धाकट्यालाच मिळायचं. ती खोबऱ्याची वाटी मी किती पुरवून पुरवून खाल्ली होती.

पोटात ठेवलं. धाकट्यालाही कधी सांगितलं नाही. तो देवभोळा, कौल लावणार तो खराच लावणार, आणि खरा कौल कुठेही जाऊ शकतो. म्हणून कौलाच्या दिवशी मी ठरवूनच गेले. पाकळ्या भिजवून द्यायचं काम आपल्या घरच्या बायकांचं. पाषाणाला आम्ही हात लावायचा नाही. पहिली दिलेली पाकळी उजवीकडे लावायची, ही रीत तुमचीच. मी दोन्ही भिजवल्या, एक पदराला टिपली आणि तीच पहिली त्याच्या हातात दिली. पोरीची आई पुढेच होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

गाऱ्हाणं अर्धंही झालं नव्हतं आणि उजवी पाकळी गळून खाली. एवढा झटपट कौल गावाने कधी पाहिला नव्हता. मानकऱ्याने कान धरून लोटांगण घातलं. पोरीची आई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मलाही रडू आलं, कोर्टात हरल्यावर आलं नव्हतं ते.

घरी मागच्या पडवीत धाकटा पाय धूत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताय, पाकळी तू पन टिपलीस काय गो?"

माझा हात आपोआप पदराकडे गेला.

"मी पन टिपली," तो म्हणाला. "अण्णांनी मला शिकवलानी हुता. शेजारी बसवून."

आम्ही पोट धरून हसलो. पाकळी पडायला एवढी घाई का झाली ते कळलं. देव नवीन जागी बसल्यापासून पोरी आता मोकळ्या कडेला उभ्या राहतात, लांबून येणारी गाडी त्यांना दिसते, आणि कौल असा लावल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, धाकट्याला तर नाहीच. पण तुमच्यापाशी कबूल करते. त्याला तुम्ही शेजारी बसवून शिकवलंत आणि मला चोरून बघावं लागलं, याचं वाईट वाटलं. अजून वाटतंय, अण्णा.