‘अजिबात नाही’वर खूण

प्रिय ठमे,

एकाच घरात राहून लेकीला पत्र लिहिणारी आई तू पाहिली नसशील. तोंडाने सांगायला गेले तर तू मधेच तोडशील आणि मी नेहमीसारखी गप्प बसेन, म्हणून हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. तुला मारूनमुटकून मराठी वाचायला शिकवलं, ते आज माझ्याच अंगलट येणार आहे.

गेल्या महिन्यात ती फॉर्मवाली बाई आली होती बघ. घरात कुठली भाषा बोलता, इंग्रजी कितपत येतं, असं विचारत होती. तू मराठी सांगितलंस आणि माझ्या नावापुढे ‘अजिबात नाही’वर खूण केलीस. मी शेजारी मटार सोलत होते आणि तिचा शब्द न् शब्द मला कळत होता.

ठमे, मला इंग्रजी येतं. या परक्या देशात तुझे बाबा वारले तेव्हा खरंच येत नव्हतं. नऊ वर्षांची तू, बँकेत टाचा उंचावून माझ्या वतीने बोलायचीस. पण हॉटेलच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं चादरीचं दुसरं टोक धरणारी बाई दिवसभर इंग्रजीतच बडबडते, मग मी न शिकून जाते कुठे? तिथे बोलायलाही लागले. घरी मात्र तोंड शिवून बसले. मला भाषा आली की तू माझ्याबरोबर कशाला कुठे येशील, ही भीती. एकदा लपवलं आणि मग सांगायची सोयच उरली नाही. टीव्हीवरच्या विनोदाला हसू आलं तर खोकायचं, फोन वाजला की मुक्यासारखं बघत राहायचं. स्वतःच्याच घरात चोर झाले मी.

परवा डोळ्यांचे डॉक्टर तुला म्हणाले, माझा उजवा डोळा वर्षभरात जाईल. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, “काही नाही गं आई, थेंब घालायचेत.” मी हसून मान डोलावली. तुझा हात धरून धीर द्यावा, तर मला काही कळलेलंच नव्हतं ना. बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून रडलीस आणि मी झोपेचं सोंग घेतलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी तू त्या दूरच्या प्रयोगशाळेला फोन करून नोकरी नाकारलीस. आईला भाषा येत नाही, तिला एकटं सोडता येणार नाही, असं माझ्यासमोरच म्हणालीस. मी दोन हातांच्या अंतरावर कपडे वाळत घालत होते.

काल जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोन लावला. नंबर तुझ्या टेबलावरच्या पत्रातून उतरवून घेतला होता. इंग्रजीतच बोलले. मुलीची आई बोलते आहे, मला इंग्रजी येतं, दवाखान्याचं माझं मी बघेन, तिचा नकार इतक्यात धरू नका. ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत जागा ठेवतो, पण होकार तिने स्वतः द्यायला हवा. आज बुधवार आहे. माझ्यावर हवी तेवढी चिड, महिनाभर बोलू नकोस. पण आधी त्यांना फोन कर.

तुझीच,
सगळं कळत असलेली आई