दुखण्यासाठी उदासीची गोळी

६ मे
दुखण्याला नाव मिळालं. फायब्रोमायल्जिया! तीन वर्षं, चार डॉक्टर, आणि रक्त दर वेळी निर्दोष. डॉक्टर रणसिंघेंनी मान, खांदे, कंबर चाचपली, मी दोनदा ओरडले. गोळी दिली. गाडीत बसून पाकिटातला कागद वाचला — 'नैराश्यावरील औषध'.
कागद परत पाकिटात कोंबला.
आई होबार्टच्या वेड्यांच्या इस्पितळातून परत आली ती अशाच गोळ्या घेऊन. खिडकीशी बसायची, चहा निवून जायचा. हाक मारली की ओळख नसल्यासारखी हसायची. मी नऊ वर्षांची होते.

७ मे
परत डॉक्टरांकडे. "म्हणजे तुम्हालाही हे माझ्या मनाचे खेळ वाटतात?"
"नाही हो, व्हर्ना. दुखणं खरंच आहे. तुमच्या नसा त्याचा नुसता गोंगाट करताहेत. ही गोळी उदासीवर चालते, तशी त्या गोंगाटावरही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आणि पहिले काही दिवस बस चालवू नका."
शाळेची बस. तेवीस पोरं.
नवऱ्याला, मर्व्हला, सांगितलं, कंबरेसाठी आहे. खोटं तर नाही!

८ मे
घेतली.

१० मे
मळमळ. टोस्टसुद्धा नको. मर्व्ह म्हणतो, "पोटुशी बिटुशी नाहीस ना गं?" पन्नाशीत! हसता हसता रडू आलं. तो घाबरला.

२० मे
बसवर परत. जांभई आली की काळजात धस्स होतं. खांदे तसेच.

११ जून
आज ऑर्लाचं नाव आठवेना. चार वर्षं चढते माझ्या बसमध्ये! दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी हसले. तसंच हसले. आईसारखं.

१२ जून
गोळी बंद. कुणाला विचारलं नाही.

१४ जून
नदीकाठच्या वळणावर मान वळवली आणि डोक्यात सणकन वीज गेली. मग परत. रस्ता डोलायला लागला. कशीबशी बस कडेला घेतली, डेपोला फोन केला, दुसरा ड्रायव्हर आला. तोवर पोरं जागेवरच बसून. मागून कुणीतरी हळूच — "व्हर्ना, तू रडतेयस?"
आईचं असंच सुरू झालं असणार.
फार्मसीतल्या थुईला फोन केला. "एकदम बंद केलीत? अहो, ही हळूहळू उतरवायची असते! वेडबिड काही नाही. आत्ताच डॉक्टरांशी बोला."
पाकीट मर्व्हच्या हाती लागलं. "कंबरेसाठी ना?"
"मला वाटलं, तू मला तिकडे पोचवशील."
"कुठे?"
"आईला पोचवलं तिथे."
त्याने पाकीट ओट्यावर ठेवलं. मग चॉप्स तव्यावर टाकत म्हणाला, "पोचवायचंच झालं तर मीही येईन. तुझ्याशिवाय मला मोजे कुठे सापडतात?"

१५ जून
परत सुरू, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, नावं विसरणं दुखण्यामुळेही होतं. म्हणजे गोळीने की दुखण्याने — कळणार कसं? बस पुन्हा काही दिवस बंद.

२२ जुलै
सुट्टी संपली, बस सुरू. सकाळी केस स्वतः विंचरले, हात वर करून! दुखतंय. पण आता शेजारच्या घरात कुणी भांडत असावं, तसं.
तरी आरशात रोज बघते. ओळखते ना मी मला?
लेकीला, टॅम्सिनला, दुखण्याचं माहीत आहे, गोळ्यांचं नाही. लॉन्सेस्टनला राहते, पोर सुखात आहे. आधी आजी, मग आई — तिच्या डोक्यात ते घालायचं नाही. कधीच नाही.

२६ जुलै
टॅम्सिनचा फोन. इतक्या हळू आवाजात कधी बोलत नाही ती.
"आई, तुझं दुखणं कसं सुरू झालं होतं गं? खांद्यांपासूनच ना?"
म्हटलं, "दार उघडं ठेव. मी निघतेय. सगळं सांगते, गोळ्यांचंसुद्धा."